डावा कान

खाणीच्या तळाला पाणी लागलं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. आधी एका कपारीतून बोटाएवढी धार आली. मुकादमाने तिच्यात चिंध्या कोंबून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी तळात घोटाभर पाणी होतं, आठवड्याने कमरेएवढं. दोन पंप लावले. एक जळाला, दुसरा नुसताच घोंघावत राहिला. मालक आला, काठावर उभा राहिला, खाली बघून त्याने च्यक् केलं आणि गाडीत बसून निघून गेला. त्यानंतर खाण बंद.

बाहेर जमीन तापून भेगाळलेली आणि खाणीत हिरवंगार पाणी. बायका तिथे धुणं घेऊन जाऊ लागल्या. ओळंब्याची बायकोही एकदा गेली. जिथे नवऱ्याने बावीस वर्षं घण घातला आणि वर काठाला बसून तिने खडी फोडली, तिथे आता पुरुषभर पाणी बघून तिला हसावं की रडावं कळेना. तिने चादर पिळली आणि घरी आली.

ओळंबा, म्हणजे गवंड्याची वजन लावलेली दोरी, हे नवऱ्याचं खाणीतलं नाव. माणूस उंच, वाळका, चालताना कुठे न झुकणारा, आणि त्याने फोडलेल्या दगडाची कड दोरी धरल्यासारखी सरळ. खरं नाव मुकादमाच्या वहीत होतं, पण त्या नावाने हाक मारली तर तो वळून बघत नसे. लोकांना वाटायचं, नावाची सवय गेली. खरी गोष्ट बायकोला आणि लेकीला तेवढी ठाऊक होती. सुरुंगांच्या आवाजाने त्याचा डावा कान पुरता गेला होता आणि उजव्यात अर्धाच जीव उरला होता.

हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, त्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी एका वयस्कर गड्याने मुकादमाला प्रामाणिकपणे सांगितलं होतं की मला सुरुंगाचा भोंगा ऐकू येत नाही. मुकादम म्हणाला, मग उद्यापासून घरी बस. पुढे तो माणूस गावातून चालला की लोक मागून काहीबाही बोलायचे आणि त्याला ते कळत नाही म्हणून हसायचे. ओळंब्याने ते पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

घरात तिघांची एक रीत बसली. बोलायचं तर समोर येऊन बोलायचं. बाहेर कोणी काही विचारलं आणि त्याचा चेहरा कोरा झाला की बायको स्वतःच उत्तर देऊन टाकायची. त्यामुळे ती फार तोंडाळ आहे, नवऱ्याला बोलूच देत नाही, असं गावाचं मत झालं होतं. तिने ते चालवून घेतलं.

खाण बंद पडल्यावर दोन महिने मिळेल ते काम झालं. त्याने कुणाची विहीर उपसली, कुणाचा उंबरा घडवून दिला. तिने गोण्या शिवल्या. लेक शिंप्याकडे काजं-बटणं करत होती, तिचं चालू होतं म्हणून घर चालू होतं. जेवायला बसताना ओळंबा लेकीकडे बघत नसे.

मग एक दिवस सुरुंग्या बातमी घेऊन आला. सुरुंग्या खाणीत सुरुंग भरायचा. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती आणि बोलणं सगळं वरच्या पट्टीत, कारण त्यालाही स्वतःचा आवाज बेताचाच ऐकू यायचा.

"मोठ्या गावातल्या गोदामात केंद्र काढलंय," तो दारातूनच म्हणाला. "लोखंड ओतायची फाउंड्री, पंपाचा कारखाना, खोक्यांचा कारखाना, तिघांनी मिळून. कारागिरी शिकवायच्या शाळेचे मास्तरही आहेत त्यात. सहा आठवडे शिकवणार आणि कामावर घेणार."

"आपल्याला कोण घेतं," बायको म्हणाली. "आपण दगडातले."

"तेच तर. त्यांना दगडातलेच पाहिजेत. लोखंड घासायला मनगट लागतं. शाळेतून आलेली माणसं आठ दिवसांत पळून जातात म्हणे."

दुसऱ्या दिवशी खाणीतली चौदा माणसं आणि तीन बायका गोदामात जाऊन बसल्या. धान्याचा वास अजून भिंतींना होता. टेबलामागे नोंदणीवाल्या बाई बसल्या होत्या. चष्मा नाकावर घसरलेला, आवाज घोगरा आणि हळू. त्यांच्या मागच्या भिंतीवर मोठा कागद चिकटवला होता आणि त्यावर एकच शब्द लिहिला होता: अडचणी. खाली सगळं रिकामं.

"कारखान्यांना माणसं मिळत नाहीत आणि माणसांना कारखाने," बाई म्हणाल्या. "मधे काय अडतं ते शोधून काढायचं, हे माझं काम. म्हणून मी तुम्हाला शिक्षण विचारणार नाही. अडचण विचारणार. लाजू नका, कारण तुम्ही नाही बोललात तर मला कळणार नाही."

सुरुंग्या आधी उठला. "आठवी पास पाहिजे म्हणतात. मी शाळेत गेलो होतो, पण शाळेच्या बांधकामाला."

सगळे हसले. बाईंनी कागदावर लिहिलं: शाळेचा दाखला.

कोणी म्हणालं, पाळी साडेसहाला लागते आणि आमच्याकडून पहिली गाडी आठला सुटते. बाईंनी लिहिलं. कोणाला जवळचं दिसत नव्हतं. बाईंनी लिहिलं.

मग ओळंब्याची बायको म्हणाली, "फाउंड्रीत बायकांना जायला जागा नाही असं ऐकलंय."

पुरुष छताकडे बघायला लागले.

"कुठे जायला?" एकाने विचारलं आणि शेजारच्याने त्याच्या पायावर पाय दिला.

"आठ तास वाळू चाळायची आणि पाणी प्यायचं नाही, हे माझ्याच्याने व्हायचं नाही," ती म्हणाली. "खाणीत निदान आडोशाला दगड होते."

बाई मोकळेपणी हसल्या आणि मोठ्या अक्षरात लिहिलं.

ओळंब्याची पाळी आली तेव्हा बाईंनी नाव विचारलं. तोंड वहीत होतं, आवाज खाली. त्याचा चेहरा कोरा झाला. मागून सुरुंग्या म्हणाला, "ओळंबा." बाईंनी आडनाव समजून 'ओळंबे' लिहून टाकलं. मग चष्मा वर सारून त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"आणि तुमची अडचण?"

ओठ समोर होते. त्याला कळलं. "काही नाही," तो म्हणाला.

"नजर ठीक? ऐकायला नीट येतं ना?"

ह्या वेळी बाईंनी पुन्हा मान खाली घातली होती. बायको म्हणाली, "हो, येतं की."

दोघं बाहेर आली. गाडीच्या थांब्यावर तो म्हणाला, "काय विचारलं होतं त्यांनी शेवटी?"

ती त्याच्या समोर आली आणि म्हणाली, "काही नाही. वय."

भिंतीवरचा कागद हळूहळू खोडला जाऊ लागला. दाखल्याऐवजी हाताच्या कामाची परीक्षा घ्यायचं ठरलं. ज्यांना जवळचं दिसत नव्हतं त्यांना चष्मे आले. गाड्यांच्या आगाराचा साहेब तीन वेळा नाही म्हणाला. चौथ्या वेळी तिन्ही कारखान्यांची माणसं बाईंबरोबर जाऊन त्याच्यापुढे बसली, तेव्हा पावणेसहाची गाडी मंजूर झाली. फाउंड्रीच्या मागच्या भिंतीला विटांच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, वर पत्रा, आत नळ. गवंडी दाराला कडी लावायला विसरला. ओळंब्याच्या बायकोने त्याला परत बोलावून कडी लावून घेतली आणि आतून दोनदा ओढून बघितली.

शिकणं सुरू झालं. तिला वाळूच्या गाभ्यांच्या विभागात घातलं; लोखंड ओतताना आत पोकळी राहावी म्हणून हे गाभे बसवतात. चाळलेल्या वाळूत चिकट तेल मिसळायचं, साच्यात ठासायचं, साचा उघडून गाभा अलगद काढायचा आणि भट्टीत भाजायला ठेवायचा. तिच्या बोटांना खडीची सवय. पहिले दोन दिवस गाभे नुसते मोडत होते. शिकवणारी म्हणाली, "अगं, तुझ्याशी त्याचं भांडण नाही. हळू." तिसऱ्या दिवशी अख्खा गाभा निघाला. तो तिने हातात घेतला तेव्हा तिला लेक पहिल्यांदा हातात दिली होती त्याची आठवण झाली, पण हे ती कोणाला बोलली नाही.

पुरुषांचे पहिले दोन आठवडे वर्गात गेले. ओळंबा पुढच्या बाकावर बसायचा आणि मास्तरांच्या ओठांवरून नजर हलवायचा नाही. घरी आल्यावर लेक उजेडाला बसून वहीतला धडा त्याला समोरून वाचून दाखवायची. ग्राइंडरची चकती कशी तपासायची, साखळीचा आकडा कसा अडकवायचा. "बाबा, मला विचारा आता," असं म्हणून ती त्याच्याकडून उलट वदवून घ्यायची. पंधरा दिवसांत त्याला सगळं पाठ झालं. मास्तर म्हणाले, ह्या ओळंब्यांसारखं लक्ष कोणाचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना कामाच्या शेडमध्ये नेलं आणि तोंडाला धुळीच्या पट्ट्या बांधायला दिल्या. नाकापासून हनुवटीपर्यंत सगळ्यांची तोंडं झाकली गेली.

त्या दिवसापासून त्याचं बिनसलं. एका वेळी दहा ग्राइंडर चालायचे. ठिणग्या उडायच्या, पत्रे थरथरायचे. मास्तर काही सांगायचे, पट्टीच्या वर नुसते डोळे हलायचे. तो मान हलवायचा. पाना आण म्हटलं तर तो कानस घेऊन यायचा. थांब म्हटलं तर पुढे जायचा. प्रत्येक गोष्टीला त्याचं 'हो' ठरलेलं. दोन दिवसांत कोणीतरी त्याला होयबा म्हणायला लागलं. त्याने ते ऐकलं नाही, पण हसणाऱ्यांचे खांदे त्याला दिसत होते.

मास्तर एकदा वैतागून ओळंब्याच्या बायकोला म्हणाले, "वर्गात इतका हुशार माणूस, इथे येऊन काय होतं त्यांना?"

"नवीन जागा आहे," ती म्हणाली. "बुजलेत जरा." बोलताना तिला स्वतःच्या सराईतपणाची लाज वाटली.

घरी तिने विषय काढला. "सांगून टाकू या का?"

"आणि घरी बसू?" तो म्हणाला. "तू जाशील, लेक जाईल, आणि मी दार राखू?"

ती ताटं उचलायला उठली.

चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी, जेवणाच्या सुटीच्या जरा आधी, वरची क्रेन पंपाच्या आकाराचं एक मोठं ओतीव धूड घेऊन निघाली. भोंगा वाजला. सगळे भिंतीकडे सरकले. ओळंबा चकती बदलत वाटेवरच वाकून बसला होता, पाठ क्रेनकडे. भोंगा पुन्हा वाजला. बायको भाजलेल्या गाभ्यांचा ट्रे घेऊन दारातून आत येत होती. तिने बघितलं आणि ट्रे सोडून दिला. ती ओरडली, आणि ओरडतानाच तिला कळलं की ओरडून काही उपयोग नाही.

मास्तर धावले आणि कॉलर धरून त्यांनी त्याला मागे खेचलं. तो पाठीवर पडला. धूड त्याच्या गुडघ्यावरून वीतभर अंतराने गेलं. साखळी कुरकुरली आणि थांबली. मग एकेक ग्राइंडर बंद होत गेला. शेडमध्ये इतकी शांतता झाली की फुटक्या गाभ्यांची वाळू पायाखाली करकरलेली ऐकू आली.

फोरमन वरच्या जिन्यावरून उतरला. जाडजूड माणूस, पण चेहरा पांढरा पडला होता. "दोनदा भोंगा दिला," तो म्हणाला. "दोनदा. झोपला होतात का?"

ओळंबा मान हलवून म्हणाला, "हो."

फोरमनने हाताने दार दाखवलं. "घरी जा," तो म्हणाला. "उद्या केंद्रावर या. तिथे बघू."

संध्याकाळच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. घरी लेकीने दोघांकडे बघून पाणी ठेवलं. त्याच्या कोपराचं सालटं गेलं होतं, ते बायकोने धुतलं.

"मी नाही जाणार उद्या," तो म्हणाला.

सकाळी तो उजव्या कुशीवर पडून होता. चांगला कान उशीत, म्हणजे त्याला कोणाचं काही ऐकायचं नव्हतं. बायको पलीकडून फिरून त्याच्या तोंडासमोर जमिनीवर बसली.

"मी बाईंना सगळं सांगणार आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी त्यांनी वय नव्हतं विचारलं. ऐकू येतं का विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले. काल तुम्ही त्या धुडाखाली गेला असतात तर ते मी केलं असतं. अडवायचं असेल तर आत्ता अडवा."

त्याने डोळे मिटले. ती उठली.

थांब्यावर सुरुंग्या भेटला. तिने त्यालाही सांगितलं. त्याचा आवाज एकदम खाली आला, जो कधी येत नसे.

"वहिनी, असं करू नका. त्याचं सांगाल तर आमचेही कान बघतील. चौदातले दहा-अकरा जण तसेच आहेत. तुम्हाला काय वाटलं, तुमचाच एकटा आहे?"

तिला खरंच तसं वाटलं होतं. इतकी वर्षं एका खाणीत काढली आणि प्रत्येक घर आपापल्या माणसाची लाज आपापल्या दारात झाकून बसलं होतं.

"मग अकरांपैकी उद्या कोण जाणार त्या क्रेनखाली?" ती म्हणाली.

सुरुंग्याने तुटक्या बोटांनी डोकं खाजवलं. पण गाडीत चढला.

केंद्रावर फोरमन, मास्तर आणि बाई आधीच बसले होते. फोरमन म्हणत होता, माणूस मेहनती आहे पण बेपर्वा आहे, मला नको. बायको उभी राहिली. तेवढ्यात मास्तरांची नजर दाराकडे गेली.

ओळंबा दारात उभा होता. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. तिच्यानंतरची गाडी चुकली म्हणून अर्धी वाट तो चालत आला होता आणि अर्धी कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर.

"मी बेपर्वा नाही," तो म्हणाला. आत काय बोलणं चाललं होतं ते त्याला फोरमनच्या ओठांवरून कळलं होतं. "मला ऐकू येत नाही. डावा कान पुरता गेलाय. उजव्याने समोरचं येतं थोडं. तोंडं झाकली की काहीच कळत नाही. बावीस वर्षं सुरुंगाजवळ होतो. आधी सांगायला पाहिजे होतं. भीती वाटली."

इतकं एका दमात तो कधी बोललेला नव्हता. बोलून झाल्यावर हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना, म्हणून त्याने ते पाठीमागे बांधले.

"मीही खोटं बोलले," बायको म्हणाली. "तुम्ही विचारलं होतं, बाई."

बाईंनी चष्मा काढला. "माझीही चूक आहे," त्या म्हणाल्या. "छाती तपासली, डोळे तपासले, आणि सुरुंगाजवळ काम केलेल्या माणसांचे कान तोंडी विचारून सोडले." मग त्यांनी सुरुंग्याकडे बघितलं. "तुम्ही कशाला आलात?"

"त्याच कामाला," सुरुंग्या म्हणाला, इतक्या मोठ्याने की फोरमन दचकला.

दोन दिवसांनी मोठ्या दवाखान्यातून कान तपासायचं यंत्र आणवलं. चौदातल्या अकरा जणांचे कान कमीजास्त गेलेले निघाले. फोरमन कागद हातात धरून म्हणाला, "बाई, चौदातले अकरा बहिरे पाठवलेत मला."

"मी नाही पाठवले. त्या कामाने तसे केले त्यांना," बाई म्हणाल्या. "आता दोनच वाटा आहेत. अकरा मनगटं परत करा आणि पुन्हा आठ दिवसांत पळणारी माणसं आणा, नाहीतर तुमचा भोंगा बदला."

फोरमन म्हणाला, मालकाशी बोलतो. शिकवणी थांबली. बायका तेवढ्या जात राहिल्या.

तो आठवडा घराला जड गेला. ओळंबा सकाळी उठून अंगण झाडायचा, दुपारी पुन्हा झाडायचा. गावात बातमी पसरली होती. ज्या अकरा जणांचं झाकलेलं उघडं पडलं, त्यांच्यातल्या दोघांच्या घरच्यांनी ओळंब्याच्या बायकोशी बोलणं टाकलं. नळावर ती आली की बाकीच्या घागरी उचलायच्या. घरी येऊन ती लेकीला म्हणाली, "मी घात केला सगळ्यांचा." लेक काजं करता करता म्हणाली, "आई, बाबा जिवंत बसलेत तिकडे झाडू घेऊन." त्या दिवशी ती नीट जेवली.

सोमवारी फोरमन स्वतः गावात आला. येऊन तो ओळंब्याच्या उजव्या बाजूला, समोर पाटावर बसला. कुठे बसायचं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"एक विचारायचंय," तो सावकाश, ओठ उघडून म्हणाला. "खाणीत सुरुंग उडायच्या आधी तुम्हाला कसं कळायचं? भोंगा होता ना?"

"होता," ओळंबा म्हणाला. "त्याच्यावर कोण विसंबतो. आम्ही निशाणवाल्याकडे बघायचो. लाल फडकं घेऊन एक जण काठाने चालत जायचा. तो चालायला लागला की हातातलं टाकायचं आणि निघायचं. आणि कोणी पाठ करून बसायचं नाही, काठाकडे तोंड करूनच बसायचं. हा नियम आम्हीच केला होता. मुकादमाला माहीतही नसेल."

"मग त्या बुधवारी पाठ का केलीत?"

"तिथे वाट कुठली आहे तेच जमिनीवर दिसत नाही."

फोरमनने खिशातून कागद काढला. "मला काढून दाखवा."

ओळंब्याने कागद बाजूला सारला आणि अंगणात काडीने शेड काढली. क्रेनची वाट, दोन्ही कडेच्या पिवळ्या रेघा, ग्राइंडरची तोंडं वाटेकडे फिरवलेली, धुडापुढे चालणारा निशाणवाला. सुरुंग्या बोलावल्यावर आला आणि म्हणाला, क्रेनला दिवाही लावा, लाल, फिरता, म्हणजे ठिणग्यांतूनही दिसेल. तासभर तिघं उकिडवे बसून त्या अंगणावर भांडत होते. बायको दारात उभी राहून बघत होती. फोरमनला चहा द्यायचा राहिला हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तो निघाला होता. "दिवा लागला की निरोप देतो," एवढंच तो म्हणाला.

निरोप नऊ दिवसांनी आला. फाउंड्रीच्या मालकाने कुरकूर केली होती, पण पंपाच्या कारखान्याने अर्धा भार उचलला, कारण त्यांनाही तसेच दिवे हवे होते. अकरांपैकी नऊ जण फाउंड्रीत परतले. दोघांचे कान फारच गेले होते, त्यांना खोक्यांच्या कारखान्यात बसून करायचं काम मिळालं. त्यातला एक अजून म्हणतो की मला फाउंड्रीच पाहिजे होती. दवाखान्याने सहा जणांना कानाची यंत्रं दिली. ओळंब्याच्या उजव्या कानाला एक बसलं. डाव्यासाठी काही करता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि त्याने ते शांतपणे ऐकलं, खरोखर ऐकलं.

पहिल्या पाळीला क्रेन निघाली तेव्हा बायको मुद्दाम दाराशी येऊन उभी राहिली. लाल दिवा फिरायला लागला. शेडमधले पुरुष, ऐकू येणारेही, हातातलं ठेवून पिवळ्या रेघेबाहेर झाले. निशाणवाला फडकं धरून पुढे चालला होता. धूड डुलत डुलत गेलं. ओळंबा रेघेच्या बाहेर ताठ उभा होता आणि दिवा विझेपर्यंत त्याने नजर हलवली नाही. मग त्याने चकती उचलली. बायको परत गेली आणि त्या दिवशी तिच्या हातून एकही गाभा मोडला नाही.

नळावरच्या बायका पुढच्या आठवड्यात बोलायला लागल्या. कोणी माफी वगैरे मागितली नाही. एकीने नुसतं विचारलं, "तुमच्याकडे अजून माणसं घेतायत का हो?" ओळंब्याच्या बायकोने घागर खाली ठेवून तिला केंद्राचा पत्ता समजावून सांगितला. "जी अडचण असेल ती पहिल्या दिवशीच सांग," ती म्हणाली. "त्या लिहून घेतात."

परतीच्या गाडीत एक दिवस वाहक डाव्या बाजूने आला आणि तिकिटाचं काहीतरी म्हणाला. बायको उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच ओळंबा वळला.

"ह्या कानाने ऐकू येत नाही मला," तो सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला. "इकडून या, इकडून बोला."

दोन-चार माणसांनी वळून बघितलं आणि पुन्हा आपापल्या खिडकीकडे तोंड केलं. वाहक मुकाट्याने दुसऱ्या बाजूला आला, वाकून नीट बोलला, आणि दोघांची काहीतरी सुट्ट्या पैशांची बोलाचाली झाली. बायकोने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने पाय लांब केले, मान मागे टेकली. गाडी फाट्यावरून वळायच्या आत तिला झोप लागली. इतक्या वर्षांत ती प्रवासात कधी झोपली नव्हती. गाव आलं तेव्हा ओळंब्याने तिला हलवून उठवलं, आणि डबे दोन्ही त्यानेच घेतले.